आधी माणूस, मग शिपाई, शेवटी थडगे : अमेरिकन मिलिशियातील पूर्वजाचा शोध कसा घ्यावा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५ ते १७८३) मिलिशियात, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या गावकऱ्यांच्या दलात, गेलेल्या शिपायाचा वंश आणि त्याच्या दफनाची जागा शोधणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. ते सुरुवात थडग्यापासून करतात. संगणकावर आडनाव घालायचे, त्या नावाचे एखादे जुने थडगे सापडले की तोच आपला पूर्वज असे ठरवायचे, आणि मग मधल्या सहा-सात पिढ्या कशाबशा जुळवून घ्यायच्या, असा हा उलटा क्रम असतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत सून किंवा जावई तिथल्या जुन्या घराण्यातला असणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि नातवंडांसाठी वंशवृक्ष काढायला बसले की एक फांदी कोकणात किंवा देशावर जाते, तर दुसरी मॅसॅच्युसेट्स किंवा पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या गावात. माझ्या सुनेच्या आजोळचा शोध मी असाच हाती घेतला आणि पहिले आठ महिने चुकीच्या माणसामागे घालवले. एकाच गावात एकाच नावाचे दोन पुरुष होते आणि त्यांच्या वयांत तीनच वर्षांचे अंतर होते. ज्याच्या थडग्यावर मी फुले ठेवून आलो, त्याला मूलबाळच नव्हते, हे त्याचे मृत्युपत्र वाचल्यावर कळले. पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून पक्का झाला आहे. तो उलटापालटा करू नये.

तयारी

तीन गोष्टी आधी सिद्ध ठेवाव्यात. पहिली म्हणजे शोधवही. कोणता कागद, कोणत्या कचेरीत किंवा संकेतस्थळावर, कोणत्या दिवशी पाहिला आणि त्यात काय मिळाले किंवा मिळाले नाही, हे प्रत्येक वेळी लिहावे. ‘काही मिळाले नाही’ ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची असते, कारण ती नसली तर सहा महिन्यांनी आपण तीच यादी पुन्हा चाळत बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्दांची समज. त्या काळचे लष्कर तीन प्रकारचे होते. १४ जून १७७५ रोजी काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने) उभी केलेली कॉन्टिनेन्टल आर्मी हे नियमित सैन्य होते. राज्यांनी ठरावीक मुदतीसाठी उभारलेली राज्य-पथके वेगळी. आणि मिलिशिया म्हणजे गावातल्या धडधाकट पुरुषांची सक्तीची नोंदणी असलेले दल, ज्यातील माणसे गरज पडेल तेव्हा काही दिवसांसाठी किंवा दोन-तीन महिन्यांसाठी बोलावली जात आणि मग शेतीवर परतत. एकच माणूस आठ वर्षांत या तिन्ही प्रकारांत दिसू शकतो. म्हणून सापडलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी ती कोणत्या दलाची आहे, हे लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट म्हणजे कालगणना. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदलले. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मोजला गेला. त्याआधी वर्षाचा आरंभ २५ मार्चला होत असे, म्हणून जानेवारी ते मार्च या काळातील तारखा ‘१७३१/३२’ अशा दुहेरी लिहिलेल्या आढळतात. युद्धात लढलेले बहुतेक पुरुष १७५२ च्या आगेमागे जन्मलेले असल्यामुळे या अकरा दिवसांचा घोळ जवळजवळ प्रत्येक शोधात समोर येतो.

१. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जा

आपल्या घरातील जिवंत व्यक्तीपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक पायरीवर मूल कोणाचे, हे सांगणारा कागद हाती आल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये. विसाव्या शतकापर्यंत हे काम जन्म, विवाह आणि मृत्यूच्या दाखल्यांवर सुरळीत चालते. त्यामागे जाताना प्रत्येक राज्याची गोष्ट वेगळी होते. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यस्तरीय नोंदणी १८४१ पासून आहे आणि गावांच्या नोंदवह्या त्याच्याही कितीतरी आधीच्या आहेत. पेनसिल्व्हेनियात राज्यस्तरीय नोंदणी १९०६ मध्ये सुरू झाली, तर साउथ कॅरोलिनात १९१५ मध्ये.

खरा अडसर १८५० पूर्वीचा आहे. दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव प्रथम १८५० मध्ये लिहिले गेले. १७९० ते १८४० या सहा जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असून बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत आकड्यांच्या रूपात आहेत. गुलामगिरीत असलेल्यांची तर नावे १८५० आणि १८६० मध्येही नाहीत. म्हणून ही साठ वर्षे ओलांडण्यासाठी वेगळे कागद लागतात : मृत्युपत्रे, मालमत्तेच्या वाटणीचे हुकूम, जमिनीचे दस्त, करयाद्या, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. यांपैकी वाटणीचे दस्त मला सर्वांत विश्वासाचे वाटतात. बाप मृत्युपत्र न करता गेला की सगळ्या मुलांना, आणि विवाहित मुलींच्या नवऱ्यांनाही, जमीन विकताना एकत्र सह्या कराव्या लागत, आणि अशा एका दस्तात अख्खे कुटुंब नावानिशी उभे राहते.

फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर काउंटी (राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) कचेऱ्यांतील दस्तांच्या आणि मृत्युपत्रांच्या असंख्य चित्रप्रती आहेत. पुष्कळ वह्यांची नावनिहाय सूची झालेली नसते, तरी वहीच्या आरंभी कारकुनाने हाताने केलेली सूची असते. ती उघडून पाहावी. शोधाच्या चौकटीत नाव घालून काही आले नाही म्हणून कागदच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

सावधान : दुसऱ्यांनी संकेतस्थळांवर चढवलेले वंशवृक्ष पुरावा म्हणून धरू नयेत. तीच चूक चाळीस वृक्षांत असली तरी ती एकाच माणसाची चूक असते, बाकीच्या एकोणचाळीस जणांनी ती उतरवून घेतलेली असते. वृक्षाचा उपयोग इतकाच की कोणता कागद शोधायचा याची दिशा मिळते.

२. त्या वर्षी ते गाव कोणाच्या हद्दीत होते ते पाहा

आजच्या नकाशावरची काउंटी धरून कागद शोधणे, ही दुसरी मोठी चूक. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता आणि मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा. पेनसिल्व्हेनियातील वॉशिंग्टन काउंटी १७८१ मध्ये वेस्टमोरलँडमधून वेगळी झाली. म्हणजे १७७८ मध्ये तिथे राहणाऱ्या माणसाने घर न हलवताही त्याचे कागद दोन कचेऱ्यांत विभागले गेले. माणसाच्या आयुष्यातील प्रत्येक दशकासाठी गाव, काउंटी आणि राज्य अशी तीन नावे वहीत लिहून काढावीत. हे अर्ध्या तासाचे काम पुढचे कित्येक दिवस वाचवते. व्हर्जिनियात शोध असेल तर कोणत्या काउंटीची न्यायकचेरी जळालेली आहे हेही आधीच विचारून घ्यावे, कारण यादवी युद्धात आणि इतर आगींत तिथल्या अनेक काउंट्यांची दप्तरे नष्ट झाली आहेत आणि तिथे करयाद्यांवरच मदार ठेवावी लागते.

३. एकाच नावाची माणसे वेगळी करा

या पायरीवर मी आठ महिने गमावले, म्हणून इथे जरा थांबतो.

वसाहतींतल्या घराण्यांत आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत होती, आणि चार भावांनी चार मुलांना तेच नाव ठेवले की एकाच गावात एकाच नावाचे चार चुलतभाऊ वाढत. त्यांच्यात फरक करण्यासाठी कारकून ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ लिहीत. पण याचा अर्थ बाप आणि मुलगा असा घेऊ नये. गावातील त्या नावाचा वयाने मोठा तो सीनियर आणि लहान तो ज्युनियर, इतकाच त्याचा अर्थ असे. ते काका-पुतणे असू शकत, किंवा एकमेकांचे कोणीच नसत. मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई. नात्यांचे शब्दही असेच सैल होते. ‘कझिन’ हा शब्द पुतण्यालाही लावत. मृत्युपत्रात ‘माझी आताची पत्नी’ असे शब्द आले म्हणून आधी एक पत्नी होऊन गेली होती, असे सिद्ध होत नाही.

उपाय असा. त्या नावाची जितकी माणसे त्या गावात आणि शेजारच्या गावांत आढळतील, त्या प्रत्येकासाठी वेगळे पान करावे, मग तो आपला पूर्वज असो वा नसो. प्रत्येक पानावर जन्म, पत्नीचे नाव, मुले, जमिनीच्या चतुःसीमा, शेजारी, धंदा, सही की अंगठ्याऐवजीची खूण, आणि मृत्यू हे लिहावे. मग एकेक सुटी नोंद घेऊन ती कोणत्या पानावर बसते ते ठरवावे. ठरत नसेल तर ती वेगळ्या पानावर तशीच ठेवावी. दस्तावर पतीबरोबर पत्नीचीही सही किंवा संमती असते, कारण पतीच्या जमिनीत विधवेचा तिसऱ्या हिश्शाचा हक्क असे, आणि पत्नीचे नाव हे एकाच नावाच्या दोन पुरुषांना वेगळे करणारे सर्वांत उपयोगी साधन आहे. माझा गुंता अखेर याच साधनाने सुटला.

जर्मन घराण्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाच भावांची बाप्तिस्म्याची नावे योहान गेओर्ग, योहान पीटर अशी योहानपासूनच सुरू होत आणि व्यवहारात दुसरे नाव चाले. आडनावांचे इंग्रजीकरण होताना कधी उच्चार बदलला, कधी चक्क अर्थ : त्सिमरमान हे कार्पेंटर झाले. क्वेकर घराण्यांत मात्र एक अनपेक्षित मदत मिळते. शस्त्र धरणे त्यांच्या पंथाला मान्य नव्हते, त्यामुळे मिलिशियात गेलेल्या तरुणाला मासिक सभेने बहिष्कृत केल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात तारखेसह असू शकते.

पडताळणी : पुढे जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे की आपल्या माणसाचे १७७५ मधील राहते गाव, वय आणि पत्नी (असल्यास) कागदावरून सांगता येते का. यांतील दोन गोष्टींचे तरी उत्तर नसेल, तर सेवेच्या कागदांना हात लावू नये.

४. सेवेचा पुरावा मिळवा

वय प्रथम तपासावे. बहुतेक वसाहतींत मिलिशियाची नोंदणी साधारण १६ ते ६० या वयाची होती, पण पेनसिल्व्हेनियाच्या १७७७ च्या कायद्यात ती १८ ते ५३ होती. याबाहेरचा माणूस यादीत दिसला तर तो स्वखुशीने गेलेला असेल, दुसऱ्याच्या बदली गेलेला असेल, किंवा नावाचा दुसराच कोणी असेल.

केंद्र सरकारचे कागद वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्ज या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. ८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्धखात्याच्या इमारतीला लागलेल्या आगीत मूळ दप्तर जळाले. पुढे निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या हजेरीपटांवरून आणि पगारपत्रकांवरून प्रत्येक शिपायाची पत्रके तयार करण्यात आली. ती सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) एम८८१ या क्रमांकाने आणि त्यांची सर्वसाधारण सूची एम८६० या क्रमांकाने ओळखली जाते. पण मिलिशियाच्या शिपायासाठी इथेच थांबणे चूक ठरेल. मिलिशिया राज्याची होती आणि तिचे हजेरीपट मुख्यतः राज्यांच्या दप्तरखान्यांत आहेत. मॅसॅच्युसेट्सने आपल्या सैनिकांची वर्णानुक्रमे यादी १८९६ ते १९०८ या काळात १७ खंडांत छापली. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य दप्तरखान्यात मिलिशियाच्या नावांची पत्रके आहेत. साउथ कॅरोलिनात सेवेच्या मोबदल्याचे तपासलेले हिशेब आहेत. न्यूयॉर्कमध्ये शोध असेल, तर १९११ च्या ऑल्बनीतील आगीत तिथल्या राज्य ग्रंथालयातील पुष्कळ हस्तलिखिते गेली किंवा करपली, हे लक्षात ठेवावे.

यादीत नाव असणे आणि सेवा केलेली असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेनसिल्व्हेनियात प्रत्येक कंपनीतील माणसे आठ वर्गांत विभागलेली असत आणि पाळीपाळीने एकेका वर्गाला दोन महिन्यांसाठी बोलावले जाई. ज्याला जायचे नसेल तो बदली माणूस देई किंवा दंड भरी. म्हणून तिथल्या कंपनीच्या साध्या यादीतले नाव म्हणजे फक्त नोंदणी. प्रत्यक्ष सेवेसाठी त्या पाळीचा हजेरीपट किंवा पगाराची पावती हवी. दंडाच्या यादीत नाव असेल तर तो त्या वेळी गेला नव्हता, असेच धरावे लागते, कितीही जड वाटले तरी.

सावधान : कंपनीचा कप्तान कोण, हे प्रत्येक नोंदीत पाहावे. मिलिशियाची कंपनी एका परिसरातील शेजाऱ्यांची असे. कप्तान आणि यादीतील इतर माणसे आपल्या पूर्वजाच्या करयादीतील शेजारी नसतील, तर तो बहुधा आपला माणूस नाही.

५. निवृत्तिवेतनाची फाइल पूर्ण वाचा

नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये या युद्धाच्या निवृत्तिवेतनाच्या आणि जमीन-बक्षिसाच्या अर्जांच्या सुमारे ८०,००० फाइली आहेत. एम८०४ या क्रमांकाखाली त्यांची चित्रे आर्काइव्ह्जच्या सूचीत विनामूल्य पाहता येतात. फाइलीवरील अक्षराला अर्थ असतो : एस म्हणजे हयात शिपायाचा अर्ज, डब्ल्यू म्हणजे विधवेचा, आर म्हणजे नाकारलेला. बी.एल.डब्ल्यू.टी. ही अक्षरे जमिनीच्या हक्कपत्राची आहेत.

कायदा माहीत नसला की फाइलीचा आणि ती नसण्याचाही अर्थ चुकतो. १८ मार्च १८१८ चा कायदा कॉन्टिनेन्टल आर्मीतील किमान नऊ महिन्यांच्या सेवेसाठी आणि हलाखीत असलेल्यांसाठी होता. मिलिशियाचा शिपाई त्यात बसत नव्हता. मिलिशियाला दार उघडले ते ७ जून १८३२ च्या कायद्याने, ज्यात दोन वर्षांच्या सेवेला पूर्ण आणि सहा महिन्यांपासून पुढे त्या प्रमाणात वेतन होते. म्हणजे १७७६ मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला माणूस १८३२ मध्ये एक्याऐंशी वर्षांचा होऊन जिवंत असेल, तरच त्याचा अर्ज सापडणार. विधवांसाठी १८३६ मध्ये कायदा झाला, तोही विवाह नवऱ्याची सेवा संपण्याआधीचा असेल तर. १८३८ च्या कायद्याने ही मर्यादा १ जानेवारी १७९४ पूर्वीच्या विवाहापर्यंत नेली आणि १८५३ मध्ये विवाहाच्या तारखेची अट राहिली नाही. जमिनीच्या बाबतीत १८५५ च्या कायद्याने फक्त १४ दिवसांच्या सेवेलाही १६० एकरांचा हक्क दिला. तेव्हा फाइल नसणे हा सेवा नसल्याचा पुरावा मुळीच नाही. मिलिशियातील असंख्य माणसे १८३२ च्या आत मातीआड झाली होती.

फाइल असेल तर तिचे प्रत्येक पान वाचावे. १८३२ च्या अर्जदाराला न्यायालयात शपथेवर ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत : जन्म कुठे आणि कधी, वयाची काही नोंद आहे का, बोलावणे आले तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे कुठे राहिला, स्वतः गेला की बदली म्हणून, अधिकारी कोण, सुटीचा कागद मिळाला का, आणि आपल्या सचोटीबद्दल कोण सांगेल. यातील ‘त्यानंतर कुठे राहिला’ या उत्तरात कित्येकदा थडग्याची दिशा दडलेली असते. विधवांनी विवाह सिद्ध करण्यासाठी घरच्या बायबलची जन्म-विवाहाच्या नोंदींची पाने फाडून जोडली, आणि ती आजही फाइलीत आहेत. गरिबी सिद्ध करण्यासाठी जोडलेल्या मालमत्तेच्या याद्या वाचताना तर मन भरून येते. युद्धाच्या आठवणी लिहून ठेवणाऱ्या जोसेफ प्लम मार्टिनच्या यादीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर इतकेच आहे.

नाकारलेली फाइलही तितक्याच आदराने उघडावी. सहा महिने भरले नाहीत, किंवा साक्षीदार उरले नाहीत, एवढ्यावरून अर्ज परत गेले. या युद्धाच्या निवृत्तिवेतनाच्या यादीतील शेवटचा शिपाई डॅनियल बेकमन (मृत्यू ५ एप्रिल १८६९) याच्याकडेही कागद नव्हते. त्याला १८६७ मध्ये काँग्रेसच्या खास कायद्याने वेतन मिळाले. मात्र अर्जातील सेवेच्या तारखा पन्नास वर्षांनंतर आठवून सांगितलेल्या असतात. वर्ष एक-दोनने चुकलेले आढळले, तर लढाईच्या आणि अधिकाऱ्याच्या नावावरून ते दुरुस्त करावे, माणूस खोटा ठरवू नये.

६. मृत्यू केव्हा आणि कुठे, हे थडग्याआधी ठरवा

निवृत्तिवेतन घेणाऱ्याचा मृत्यू वेतनाच्या खातेवहीतून आणि वारसांनी उचललेल्या शेवटच्या हप्त्याच्या पावतीतून कळतो. १८४० च्या जनगणनेत वेतन घेणाऱ्यांची नावे आणि वये स्वतंत्र रकान्यात आहेत आणि तो कोणाच्या घरी राहत होता तेही दिसते, जे बहुधा मुलाचे किंवा जावयाचे घर असते. वेतन नसेल तर मालमत्तेचे दप्तर पाहावे. मृत्युपत्र केल्याची तारीख आणि ते न्यायालयात सिद्ध झाल्याची तारीख यांच्यामध्ये मृत्यू असतो. मृत्युपत्र नसेल तर कारभाऱ्याच्या नेमणुकीचा हुकूम, त्याचा जामीन आणि मालमत्तेची यादी मिळते. कारभाऱ्याच्या हिशेबात शवपेटीचे, खड्डा खणल्याचे आणि क्वचित दगड घडवल्याचे पैसे लिहिलेले असतात. दगडासाठी पैसे दिलेले असतील तर कोणत्या तरी दफनभूमीत दगड उभा राहिला होता, इतके नक्की होते.

७. दफनाची जागा शोधा

म्हातारपणी माणूस मुलामागे पश्चिमेला ओहायो किंवा न्यूयॉर्कच्या आतल्या भागात गेला असेल, तर त्याचे थडगे जन्मगावी सापडणार नाही. म्हणून मागच्या पायरीवर मिळालेले मृत्यूचे गाव मध्ये ठेवून त्याभोवती शोध घ्यावा. न्यू इंग्लंडमध्ये गावाची दफनभूमी असते, पेनसिल्व्हेनियात चर्चचे आवार, आणि दक्षिणेत बहुतेक वेळा स्वतःच्या शेताचा कोपरा. शेतातील जागेचा पत्ता दस्तांत सापडतो. शेत विकताना ‘दफनाची अर्धा एकर जागा वगळून’ असा उल्लेख केला जाई, म्हणून त्या जमिनीचा पूर्वजापासून पुढचा प्रत्येक दस्त वाचावा. १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतील माणसांनी अनेक राज्यांत सैनिकांच्या थडग्यांच्या नोंदी केल्या. आज नांगराखाली गेलेली थडगी त्या पत्रकांत आहेत. क्वेकरांच्या जुन्या दफनभूमीत नावाचा दगड शोधू नये, ते दगडावर नाव कोरत नसत. तिथे सभेच्या वह्या पाहाव्यात.

दगड आणि देह एकाच जागी असतीलच असे नाही. मॅसॅच्युसेट्समधील ॲक्टनच्या मिनिटमेनचा (बोलावताच निघायला सज्ज असलेल्या मिलिशियाच्या तुकडीचा) कप्तान आयझॅक डेव्हिस १९ एप्रिल १७७५ रोजी काँकर्डच्या नॉर्थ ब्रिजवरील लढाईत मारला गेला, आणि १८५१ मध्ये त्याचे अवशेष गावच्या स्मारकाखाली हलवण्यात आले. क्वाबिन जलाशयासाठी मॅसॅच्युसेट्समधील डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे १९३८ मध्ये विसर्जित झाली, आणि सुमारे साडेसात हजार थडगी उकरून बहुतेक वेअर येथील नव्या दफनभूमीत नेली गेली. दगडाचे वयही मृत्यूइतके नसते. गुलामगिरीतून मुक्त होऊन लढलेला फ्रेमिंगहॅमचा पीटर सेलम १८१६ मध्ये वारला, पण त्याच्या थडग्यावर गावाने दगड उभारला तो १८८२ मध्ये.

सावधान : फाइंड अ ग्रेव्हसारख्या संकेतस्थळावरील पानावर दगडाचे छायाचित्र नसेल, तर ते पान म्हणजे कोणाची तरी समजूत इतकेच धरावे. थडग्याशेजारी रोवलेले सैनिक-संघटनेचे कांस्यचिन्हही स्वतंत्र पुरावा नाही. तेही कोणी तरी कागद वाचूनच लावलेले असते, आणि नावाचा घोळ त्यांच्याकडूनही झालेला असतो.

८. दगड वाचा, पण त्याला इजा करू नका

खासगी जमिनीवर जाण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी. अक्षरे पुसट असतील तर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासू नये. आरशाने उन्हाची तिरीप दगडाच्या पृष्ठभागाला समांतर पाडली की कोरीव अक्षरे सावलीने उठून दिसतात. सफाई करायचीच असेल तर दफनभूमीच्या व्यवस्थापकांना विचारून, फक्त स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रशाने, खालून वर भिजवत करावी. ब्लीच, तारेचा ब्रश आणि जोरदार पाण्याचा फवारा यांनी दोनशे वर्षे टिकलेला दगड एका दुपारी संपतो. पापुद्रे सुटलेल्या किंवा बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या दगडाला पाणीसुद्धा लावू नये.

डोक्याच्या दगडाबरोबर पायाशी आद्याक्षरांचा एक लहान दगड असे. तो एकटा उरला की लोक त्याला बाळाचे थडगे समजतात. सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि शेजारच्या दोन्ही रांगांतील नावे लिहून घ्यावीत, कारण माणसे कुटुंबाच्या रांगेत पुरली जात.

दगडावर वय वर्षे-महिने-दिवस असे दिलेले असते. समजा मृत्यू १० मार्च १८२१ आणि वय ७४ वर्षे, ३ महिने, ५ दिवस असेल, तर उलटी वजाबाकी करून जन्म ५ डिसेंबर १७४६ येतो. चर्चच्या वहीत मात्र जन्म २४ नोव्हेंबर १७४६ असेल तर गोंधळू नये. पंचांगाच्या अकरा दिवसांचाच तो फरक आहे, आणि उलट तो माणूस एकच असल्याची ती चांगली खूण आहे.

९. थडगे बिनदगडाचे असेल तर

अमेरिकेचे व्हेटरन्स अफेअर्स (माजी सैनिकांचे) खाते सैनिकाच्या बिनदगडाच्या थडग्यासाठी विनामूल्य दगड देते आणि त्यासाठी ४०-१३३० क्रमांकाचा अर्ज आहे. ६ एप्रिल १९१७ पूर्वी सेवा संपलेल्या सैनिकासाठी अर्ज करायला नाते असण्याची अट नाही, त्यामुळे गावातील इतिहासमंडळही तो करू शकते. सेवेचा पुरावा म्हणून हजेरीपट, राज्याच्या दप्तरातील उतारा किंवा निवृत्तिवेतनाचा कागद जोडावा, मूळ कागद न पाठवता प्रती पाठवाव्यात, आणि दफनभूमीच्या जबाबदार माणसाची सही घ्यावी. खासगी दफनभूमीत दगड बसवण्याचा खर्च अर्जदाराचा असतो. तो कोण करणार, हे अर्ज पाठवण्याआधी ठरवावे, नाहीतर दगड येऊन कोणाच्या तरी कोठारात पडून राहतो.

अर्ज करण्यापूर्वी मृत्यूचा कागद, दफनाच्या जागेचा कागद आणि सेवेचा कागद हे तिन्ही शेजारी ठेवून तिघांतही तोच माणूस आहे का, हे शेवटचे एकदा पाहावे. जागा नेमकी ठरत नसेल तर जमिनीखालचे दाखवणाऱ्या रडारने खड्डा सापडू शकतो, पण त्यात कोण आहे हे रडार सांगत नाही. अशा वेळी अंदाजाने दगड उभा करू नये, कारण एकदा कोरलेले नाव पुढच्या शोधकाला पुरावा वाटू लागते.

दगड बसल्यावर त्याचे छायाचित्र, जागेचे अक्षांश-रेखांश आणि पिढ्यांचे सर्व कागद यांची एक प्रत त्या काउंटीच्या इतिहासमंडळाला आणि एक गावच्या ग्रंथालयाला द्यावी. तिच्यात न सुटलेल्या नोंदींचे पानही जोडावे, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचेही.